चिंधी बांधलेली काकडी

करंजवाडी, थळजवळ
१० मार्च २०२५

केसरे,

हात जागृतीचा, तोंड माझं. सून पडवीत मांडी घालून बसलीय, वही गुडघ्यावर, आणि मी वालाचे दाणे निवडत सांगतेय. फोन मी सोडला. परवा तू बडोद्याहून अर्धा तास बोललीस, त्यातलं मला फक्त "हां हां" ऐकू आलं, आणि ते माझंच होतं. पत्र बरं. जागृती माझ्या डाव्या कानाशी बसून मोठ्याने वाचते, नाही कळलं तर परत वाचायला लावते. फोनला परत वाचायला लावता येत नाही. आणखी एक. मी "न्हाय" म्हटलं की ही "नाही" लिहिते. लिहू दे, शाळा शिकलीय, तेवढी हौस करू दे.

परड्याची खबर देते. पांढरा कांदा निघाला, वेण्या घालून पडवीत टांगल्या. भेंडी गुडघ्याला लागली. लाल माठ मी पेरला आणि चिमण्यांनी खाल्ला. कारल्याच्या मांडवात बुलबुलाने घरटं केलंय, अगदी माझ्या डोक्याच्या उंचीवर. पाणी घालायला गेले की ती बुलबुलीण माझ्याकडे असं बघते, जसं घर तिचं आणि मी भाडेकरू.

वानरं उतरलीत डोंगरावरून. माझ्या सदाने बुजगावणं उभं केलं, कारखान्यातला त्याचा जुना शर्ट आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट. दुसऱ्या दुपारी बघते तर थोरला हुप्प्या बुजगावण्याच्या खांद्याला टेकून बसलाय आणि शर्टाच्या खिशात हात घालून चाचपतोय. माझ्या पोटच्या मुलाने कधी एवढी माया केली नाही. साळींदर पण येऊन गेलं, सुरणाची माती उकरून एक काटा टाकून गेलं, आठवण म्हणून. मला अक्षर येत नाही, पण सकाळी परड्यात कोण येऊन गेलं ते वाचता येतं. तिरका दात साळींदराचा. ओरबाडून अर्धं फेकलं की वानर. बारीक भोक पाडून आतलं खाल्लं की खार.

काकडीच्या वेलावर बोटभर फळ धरलंय, त्याच्या देठाला चिंधी बांधली. आईची रीत सोडली नाही मी. चिंधी बांधलेल्या काकडीला घरातल्या कुणी हात लावायचा नाही. पिवळी होऊन देठ सुकला की बी काढायचं, राखेत शेणात कालवून चुलीमागच्या भिंतीला थापायचं, आणि अक्षय तृतीयेला आळ्यात. तुझ्या त्या चौथ्या मजल्यावरच्या रंगाच्या बादलीत वेल आहे की गेला?

या वर्षी तू ये. अक्षय तृतीया तीस एप्रिलला आहे, जागृतीने बघितलं. दोघींनी मिळून आळी घालू. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती सुनेच्या हाताने लिहिता येत नाही आणि फोनवर ओरडता येत नाही. समोर बसून सांगायची आहे.

आणि वानरांचा विषय निघालाच आहे तर सांगते, त्या दुपारी राखणीला तू होतीस आणि तू झोपलीस. विसरले नाही मी.

तुझी थोरली,
गोदू


बडोदा
१८ मार्च २०२५

गोदे,

तुझं पत्र माझ्या सुनेने, मृणालने वाचलं आणि मला हसू आलं, मग राग आला. हे मृणालला मी सांगतेय तसंच लिहायला लावलंय. ती म्हणते, "आई, मावशींना असं लिहू?" मी म्हटलं, मावशी तुझी, बहीण माझी.

झोपली तू होतीस. मी शाळेतून आले तेव्हा आंब्याखाली तोंड उघडं टाकून घोरत होतीस आणि वानरं काकडीत. मी हे त्या दिवशी बाबांना सांगितलं, त्यांनी तुझं ऐकलं. थोरली म्हणून. दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा बंद आणि परड्याची राखण सुरू. दुसरीत होते मी, पहिला नंबर होता. सहासष्ट वर्षं हेच सांगतेय. आधी तू ऐकत नव्हतीस, आता बहिरी झालीस, म्हणजे तुला आयतं कारण मिळालं. बाबांनी माझं ऐकलं असतं तर आज हे पत्र मी माझ्या हाताने लिहिलं असतं, आणि यापेक्षा वाईट लिहिलं असतं.

बादलीतला वेल चांगला आहे, तुझ्यापेक्षा आधी धरलाय. मी पण चिंधी बांधलीय, माझ्या हिरव्या लुगड्याची. इथे वानर नाही. कबुतरं आहेत, ती काही खात नाहीत, फक्त घाण करतात. एक खार येते, तिला मी चप्पल दाखवते. तुझ्यासारखी पाहुण्यांची कौतुकं करत बसत नाही. साळींदराचा काटा काय जपून ठेवतेस, वेडी कुठली.

माझ्या पित्ताच्या पिशवीत खडा निघाला. लेकाने, केतनने दवाखान्यात नाव घातलंय, सोमवारी काढणार. हल्ली पोटाला चार भोकं पाडून काढतात म्हणे, म्हणजे तुझ्या खारीसारखं. आठ दिवसांत घरी. अक्षय तृतीयेला मी येणार, आळी माझ्या हाताने घालणार. तुझी आळी उथळ असतात, पहिल्या पाण्याला बी वर येतं.

सांगायची ती गोष्ट तयार ठेव. लाडीगोडी लावू नकोस.

केसर


करंजवाडी
२६ मार्च २०२५

केसरे,

माझी आळी उथळ? आईच्या मागे परडं कुणी राखलं? तू तर लग्न होऊन गेलीस आणि जाताना अर्धं बी घेऊन गेलीस.

सोमवार झाला म्हणजे खडा निघाला असेल. जागृतीने फोन केला, केतनने सांगितलं, "बरी आहे, झोपलीय." मी म्हटलं, झोपणारच, तिची ती जुनी सवय. खडा फेकू नकोस, घेऊन ये. वानराला मारायला होईल.

इकडे चाललंय असं. बुलबुलिणीने तीन अंडी घातलीत, लालसर ठिपक्यांची. मी रोज सकाळी मोजते, ती रोज सकाळी मला शिव्या देते. खाली कुक्कुडकुंभा फिरतोय. काळं अंग, विटकरी पंख, लाल डोळा, सावकाराच्या दिवाणजीसारखा पाय टाकतो. गोगलगायी खातो म्हणून मी त्याला हाकलत नाही. पण त्याची मान आज मांडवाकडे वळली होती, ते मला आवडलं नाही. विहिरीकडे धामण दिसली. जागृती किंचाळली. धामण बिचारी लाजून गेली.

चिंधीची काकडी वीतभर झाली. हुप्प्या कुंपणावर बसून तिच्याकडे बघतो. मी दुपारभर आंब्याखाली खाट टाकून बसते, हातात गोफण. डोळा लागू देत नाही. सदा म्हणतो, "आई, एका काकडीसाठी कशाला उन्हात बसतेस, बाजारात बी मिळतं पुडीतलं." मी त्याला म्हटलं, बाजारात आई पण मिळत असेल, घेऊन ये एक.

केसरे, तू येच. पोटाचे टाके सुकले नसले तर गाडी करून ये, केतनला सांग मी सांगितलंय म्हणून. ही गोष्ट मी खूप दिवस ठेवलीय. गेल्या वर्षी मला तो झटका येऊन गेला तेव्हा वाटलं, राहिलीच सांगायची. आता परत राहायला नको. तू चिडशील. चिड. माझ्या परड्यात बसून चिड, तुला हवी तेवढी भांडी आपट.

गोदू


बडोदा
५ एप्रिल २०२५

प्रिय गोदूताई,

तुझं पत्र पोचलं. वाचून खूप बरं वाटलं. माझं ऑपरेशन छान झालं. डॉक्टर फार चांगले आहेत. आता हळूहळू बरं वाटतंय, पण अशक्तपणा आहे, म्हणून डॉक्टरांनी दोन-तीन महिने प्रवास करायचा नाही असं सांगितलं आहे. त्यामुळे अक्षय तृतीयेला येणं जमेल असं वाटत नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस.

बुलबुलाच्या अंड्यांचं वाचून मजा वाटली. तू किती छान निरीक्षण करतेस! धामण शेतकऱ्याची मैत्रीण असते, तिला मारू नका. उन्हात बसत जाऊ नकोस. बीपीची गोळी वेळेवर घे. सदा आणि जागृती तुझी किती काळजी घेतात, त्यांचं ऐकत जा.

तुला जे सांगायचं आहे ते पत्रात लिहिलंस तरी चालेल. मी मुळीच चिडणार नाही.

तुझी लाडकी बहीण,
केसर


करंजवाडी
१० एप्रिल २०२५

केसरे,

पत्र मिळालं. जागृतीने दोनदा वाचलं. मी तिसऱ्यांदा वाचायला लावलं, तर म्हणाली, "आई, तेच आहे सगळं." हो, तेच आहे.

खडा काढल्यावर माणूस एवढं गोड होतं हे मला ठाऊक नव्हतं. पिशवीत साखर भरली की काय त्या डॉक्टरने? ठाऊक असतं तर तुझा खडा पन्नास वर्षांपूर्वी काढला असता.

बुलबुलाची पिल्लं निघालीत. तीन. नुसती तोंडं आहेत, बाकी काही नाही.

तू चिडणार नाहीस म्हणतेस म्हणून सांगते. चिंधी बांधलेली काकडी मी परवा तोडली. कोवळी होती, कोशिंबीर केली, दाण्याचं कूट घालून. बियाण्याचं काय, गेल्या वर्षीचं थोडं भिंतीवर होतं, ते पाडव्यालाच आळ्यात घालून टाकलं. अक्षय तृतीयेची वाट कोण बघत बसणार? आणि आळी यंदा बोटभरच खणली. बरं केलं ना?

आता तू पण एक कर. सहासष्ट वर्षं झाली, दोघींच्या गोवऱ्या वाळल्या. त्या दुपारी झोपलं कोण, ते एकदा सांगून टाक.

गोदू

(मृणाल, हे खालचं माझं, जागृतीचं. आईंना वाचून दाखवणार नाही. केसरमावशी गेल्याचं त्यांना अजून कळलेलं नाही. तू लिहितेस ते पत्र उशाशी ठेवतात. पण काकडी तोडली म्हणतात ते खरं नाही, ती वेलावरच आहे, चिंधीसकट. पाडव्याला बी पण घातलेलं नाही. हल्ली विसरतात की काय, भीती वाटते. हे म्हणतात, कुठल्याच गोष्टीला नाही म्हणू नका, मन राखा. गोडच लिही.)


बडोदा
१७ एप्रिल २०२५

प्रिय गोदूताई,

काकडी तोडलीस ते अगदी बरं केलंस. कोशिंबीर किती छान झाली असेल! मलाही खावीशी वाटली. बी पाडव्याला घातलंस तेही योग्यच, पाडवा म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला एक. आळी फार खोल नकोतच. तू करशील ते बरोबरच असणार.

आणि ताई, तू विचारलंस म्हणून आज मनापासून सांगते. त्या दुपारी मीच झोपले होते. वानरांनी माझ्यामुळेच काकड्या खाल्ल्या. मी उगीच इतकी वर्षं तुझं नाव घेतलं. मला माफ कर. आता हा विषय मनातून काढून टाक आणि शांत राहा.

तुझीच,
केसर


करंजवाडी
२२ एप्रिल २०२५

मृणाल,

हे पत्र तुला आहे. केसरला नाही.

केसर कधी गेली, ती तारीख लिही.

जागृतीचं पेन थांबलंय. लिही गं, थांबू नकोस. "जागृतीचं पेन थांबलंय" हेही लिही. हिला वाटत होतं म्हातारी विसरायला लागली. काकडी वेलावर आहे हे मला दिसत नव्हतं का? रोज दुपारी तिच्यासमोर खाट टाकून मी बसते. घुशीला पिंजऱ्यात बोंबील लावतात, तशी मी तुला काकडी लावली. तू आलीस आणि खाल्लीस. चिंधीची काकडी तोडली, बी पाडव्याला घातलं, आळी बोटभर, हे ऐकून केसर बडोद्याहून चालत आली असती मला मारायला. तू म्हणालीस, छान झाली असेल.

केसर आयुष्यात माझ्या एका शब्दाला हो म्हणाली नाही. पहिल्या गोड पत्रालाच माझा घास अडकला. पण आधीचंही आहे. पाडव्याला आमच्याकडे गुढी नव्हती. मला सांगितलं, काठी वानरांनी मोडली. मी काठी बघितली. वानराच्या वजनाने बांबू मोडला तर उभा चिरतो. हा आडवा होता, स्वच्छ, कोयत्याचा घाव. सदा तीन दिवस पालीला गेला होता म्हणे कामाला. पालीला गेला आणि बल्लाळेश्वराचा प्रसाद नाही, साधा पेढा नाही? त्याच्या पिशवीत मळके कपडे होते आणि त्यांना धुराचा वास होता. मनात म्हटलं, दोन दिवसांत सांगतील. मग म्हटलं, चार दिवसांत सांगतील.

कुक्कुडकुंभ्याने पिल्लं नेली. तिन्ही. बुलबुलीण दोन दिवस चोचीत किडा धरून रिकाम्या घरट्यावर येत होती. बघायची, परत जायची, परत आणायची. मला तुम्ही सगळ्यांनी मिळून तसं करून ठेवलंत. मी इथून पाखराच्या, काकडीच्या गोष्टी पाठवते, आणि तिकडे तोंडच नाही.

त्या दुपारी कोण झोपलं ते जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. तू जिथे "मीच झोपले होते" लिहिलंस, तिथे मला पक्कं कळलं की केसर नाही. कसं, ते आज सांगत नाही.

आमच्यात कानावर आल्याशिवाय अंघोळ नाही. माणूस महिन्यापूर्वी गेलेलं असो, ज्या दिवशी ऐकलं त्या दिवशी डोक्यावरून पाणी घ्यायचं, मग रडायचं. मला कळलंय, पण सांगितलेलं कुणी नाही. घरात मी तोंड दाबून बसलेय. सदाला विचारलं तर तो गोळी आणून देतो. तेव्हा तू लिही. सरळ लिही. माझी बहीण मेली हे ऐकायचा हक्क माझा आहे, तो तुम्ही बीपीच्या गोळीबरोबर गिळलात.

गोदावरी


बडोदा
२६ एप्रिल २०२५

मावशी,

आई २९ मार्चला सकाळी साडेसहाला गेल्या. पाडव्याच्या आदल्या दिवशी. ऑपरेशन झालं होतं, त्या बोलत होत्या, चहा मागितला होता. मग छातीत दुखलं आणि पाच मिनिटांत संपलं. डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं. कुणालाच काही करता आलं नाही.

सदाभाऊजी त्याच दिवशी निघाले. तेच म्हणाले, आईला सांगू नका, गेल्या वर्षी झटका आलाय, हा धक्का सोसणार नाही. केतननेही तेच म्हटलं. मग तुमचं २६ तारखेचं पत्र आलं. तुम्ही आईंना "येच" असं लिहिलं होतं. ते पत्र मी एकटीने वाचलं आणि उत्तर कुणी लिहायचं हा प्रश्न उरला. इतकी वर्षं आई सांगत आणि मी लिहीत असे. मला वाटलं, त्यांचं बोलणं मला येतं. नाही येत, हे आता कळलं. त्यांच्या तोंडून मला नेहमी गोडच ऐकायचं होतं, तेच मी लिहिलं.

त्या दुपारचं लिहिलं ते तुम्हाला समाधान मिळावं म्हणून. मला वाटलं, इतकी वर्षं हेच ऐकायची वाट बघताय.

आणखी एक सांगायला हवं. बादलीतली काकडी मी तेराव्याला तोडली. आईंना काकडी आवडायची म्हणून पानात वाढली. देठाची हिरवी चिंधी मी कात्रीने कापून टाकली, मला वाटलं वेल आधाराला बांधला असेल. आतलं बी कोवळं पांढरं होतं. तुमच्या पत्रात रीत वाचली होती, पण त्या दिवशी लक्षात आलं नाही.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी, २३ मार्चला, आईंनी एक पत्र सांगायला घेतलं होतं. तुमचं उत्तर यायच्या आधीच. मध्येच औषधाची वेळ झाली आणि ते तसंच राहिलं. एक अक्षर न बदलता खाली लिहिते.

"गोदे, उद्या खडा. पोट रिकामं ठेवायला सांगितलंय, म्हणून डोकं चालतंय. तुला काय सांगायचंय ते मला ठाऊक आहे. तुझ्या आधीपासून ठाऊक आहे. पण मी ते ऐकणार, पूर्ण ऐकणार, मध्ये हूं पण म्हणणार नाही. सहासष्ट वर्षं मी एकटीच बोलतेय. आधी तुझ्याकडून पायलीभर वाल सोलून घेईन, मग ऐकेन. आणि ऐकल्यावर तुला काय सांगायचं ते मी पण ठरवून ठेवलंय, ते असं की"

एवढंच आहे. पुढचं त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नाही.

मला माफ करा असं लिहायची आता लाज वाटते.

मृणाल


करंजवाडी
३० एप्रिल २०२५, अक्षय तृतीया

मृणाल,

पत्र काल संध्याकाळी आलं. जागृतीने वाचलं, तारखेपाशी अडखळली न्हाय. आज तिला सांगितलंय, माझं "न्हाय" न्हायच ठेव, शिकवू नको.

ऐकलं तशीच उठून डोक्यावरून पाणी घेतलं. थंडच. न्हाणीचं पाणी अळवात गेलं, रोज जातं तिकडंच. जागृती पाठ चोळायला येते म्हणाली, तिला म्हटलं, दारात उभी राहा नि ऐक. रडायचं तेवढं रडले. मेले न्हाय म्हणावं सदाला. तो चहा घेऊन आला होता, घेतला न्हाय. उद्या घेईन, पोरगा हाय, टाकून कुठे देऊ.

काकडीची चूक तुझी न्हाय. केसरने तुला चार भिंतींच्या घरात शिकवायचं काय काय नि कसं. पण तिच्याकडचं बी संपलं, हे खरं. जागृती म्हणते, माझ्यातलं तुला पाठवू या. अजून हात धजत न्हाय. पुढच्या वर्षी बघू. मी असले तर पाठवीन. नसले तर तुम्ही दोघी मिळून माझं पत्र लिहालच.

आता खालचं तुला न्हाय. तिचा फोटो लावला असशील, त्याच्यापुढे उभी राहून मोठ्याने वाच. तुझं गोड त्यात घालू नको. तिला वाचता येत न्हाय. का येत न्हाय, ते ह्यातच हाय.

केसरे,

दोन आळी घातली. एक माझं, एक तुझं. कोपरभर खणली, हात दुखतोय अजून. चिंधीची काकडी पिवळी झाली, देठ सुकला, बी चार दिवस चुलीमागं होतं. पाच दाणे तुझ्यात, पाच माझ्यात.

पायलीभर वाल मी कालच सोलून ठेवले. आता ऐक. तू हूं म्हणणार न्हाय म्हणाली होतीस.

झोपले मी होते. बारा वर्षांची होते, राखण माझी होती, आंब्याची सावली होती, झोप लागली. जाग आली ती तुझ्या ओरडण्याने. तू शाळेतून येऊन एकटी वानरांवर धावली होतीस. हातात दुसरं काही न्हवतं म्हणून पाटी फेकलीस. पाटी हुप्प्याला लागली न्हाय, दगडाला लागली नि फुटली. पण वानरं पळाली. पानाखाली एकच काकडी राहिली होती, चिंधीची. आज मी आळ्यात घातलं ते बी तिचंच. तुझ्या पाटीने राखलेलं.

बाबा काठी घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, केसर राखणीला होती, केसर झोपली, पाटी तिथंच हाय बघा. तू म्हटलंस, न्हाय, मी शाळेत होते. त्यांनी माझं ऐकलं.

काठीला भ्याले म्हणून मी तसं बोलले, असं मी मला सांगत आले. अर्धंच खरं हाय ते. तू रोज पाटी घेऊन जायचीस, मी शेण काढायची. पाटी फुटलेली बघितली नि मला बरं वाटलं. म्हटलं, आता दोघी सारख्या. हेच सांगायचं होतं. हे पत्रात घालायला सुनेचा हात लागतो म्हणून मी तुला बोलवत होते, नि तोंडावर सांगायचं धाडस होईस्तोवर पत्रापत्रात तुलाच झोपवत होते. ह्या मार्चातसुद्धा.

ऐकल्यावर तू मला काय सांगणार होतीस, ते आता कुणाला ठाऊक न्हाय. शिवी असती तरी चाललं असतं.

जागृती रडतेय, कागद ओला करू नको म्हटलंय तिला. वानरं कुंपणावर येऊन बसलीत. दुपार झाली. खाट आंब्याखाली हाय नि मी जागी हाय.

गोदू

मृणाल, वाचून झालं की हा कागद तिच्या बादलीतल्या मातीत पूर. उत्तर पाठवू नको. तिच्या नावाने तर न्हायच.